कोश उघडण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातली एक तरुण लेखिका तिच्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आली. कादंबरी सवाई माधवरावांच्या काळातली. "काका, इतिहासाच्या चुका तेवढ्या बघून द्या," असे म्हणून तिने गठ्ठा ठेवला आणि जाता जाता विचारले, "आणि एकच पुस्तक सांगा. टेबलावर ठेवलं की बाकी काही लागणार नाही असं."

हस्तलिखिताचे पहिले पान एका पत्राने सुरू होत होते. पुण्याहून एक कारकून गावाकडे पत्र लिहितो. भाषा चांगली जमलेली. पण पत्राच्या डोक्यावर शब्द होता 'दिनांक'. मी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. 'दिनांक' हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने विसाव्या शतकात मराठीला दिला. 'महापौर', 'चित्रपट' हे त्याचेच सोबती. सवाई माधवरावांच्या कारकुनाने 'छ' लिहून पुढे चंद्राची तिथी व मुसलमानी महिना घातला असता, किंवा 'मिती' लिहिली असती. 'तारीख' लिहिली असती तरी चालले असते. आज शुद्ध मराठी वाटणारा शब्द तिथे चुकीचा होता आणि परका वाटणारा शब्द बरोबर.

ही चूक दाखवताना मी जरा शिष्टपणाने बोललो असेन. बोलता बोलता माझीच एक जुनी चूक आठवली आणि गप्प बसलो. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या दिवशी देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

माझी चूक

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सव्वीस वर्षे एका सहकारी बँकेत रोखपाल होतो. मोडी शिकलो ती रविवारच्या वर्गात, आणि उरलेली पुस्तकांवरून. कोणा गुरूच्या हाताखाली बसून संशोधनाचे शिक्षण झालेले नाही. अशा माणसाचे गुरू म्हणजे संदर्भग्रंथ, आणि या गुरूंचा एक दोष असा की ते आपणहून शिष्याचा कान धरत नाहीत.

आमच्या भागातल्या एका गावात यात्रेच्या पहिल्या मानावरून दोन घराण्यांत जुना वाद होता. दोघांकडेही पेशवाईतला एकेक कागद होता. एका कागदावर शके १६९८, कार्तिक महिना, म्हणजे इ. स. १७७६ची दिवाळी उलटल्यानंतरचे दिवस. दुसऱ्यावर महिना जिल्हेज आणि साल 'सबा सबैन मया व अलफ'. सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७७. ग्रामस्थांनी एक स्मरणिका काढली आणि 'बँकेतले साहेब मोडी वाचतात' म्हणून दोन्ही कागद माझ्याकडे आले.

शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, हे मला पाठ होते. ११७७ अधिक ५९९ म्हणजे १७७६. मग जंत्रीत १७७६ साल काढले आणि त्यातला जिल्हेज महिना शोधला. तो वर्षाच्या सुरुवातीलाच, जानेवारी-फेब्रुवारीत सापडला. मी लिहून टाकले की दुसऱ्या घराण्याचा कागद पहिल्यापेक्षा नऊ-दहा महिन्यांनी जुना आहे. स्मरणिका छापली गेली. देवळातल्या बैठकीत तिचे ते पान वाचून दाखवण्यात आले आणि त्या वर्षी पहिला मान बदलला.

यात्रा होऊन गेल्यावर पहिल्या घराण्यातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांच्या हातात त्याच जंत्रीची त्यांची प्रत होती. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी ती उघडली, पण कोष्टकाच्या पानावर नव्हे. सुरुवातीच्या निवेदनाच्या पानावर. "साहेब, एवढा परिच्छेद वाचाल का?" म्हणाले.

शुहूर सन मृगाला बदलतो. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शुहूर ११७७ हे साल १७७६च्या मृगाला सुरू होऊन १७७७च्या मृगाला संपते. त्यात येणारा जिल्हेज १७७७च्या जानेवारी-फेब्रुवारीतला. म्हणजे दुसऱ्या घराण्याचा कागद दहा महिन्यांनी जुना नव्हता. दोनतीन महिन्यांनी नवा होता. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, आणि शुहूर साल इहिदे सितैन, म्हणजे ११६१. त्यात मी ५९९ मिळवले असते तर लढाई १७६०ची ठरली असती आणि चूक तत्क्षणी ध्यानात आली असती. गावातल्या कागदाला असा ओळखीचा पडताळा नव्हता.

मी गुरुजींना म्हटले, "पुस्तक माझ्याकडे होतं, पण मी थेट कोष्टकच बघितलं." ते एवढेच म्हणाले, "सगळेच तसं करतात."

मी लेखी दुरुस्ती दिली, ती पुढच्या बैठकीत वाचली गेली. मान पूर्ववत झाला. पण त्या एका वर्षी त्यांच्या घरातला सर्वांत वडीलधारा माणूस पालखीच्या मागे उभा राहिला होता, आणि पुढची यात्रा बघायला तो राहिला नाही. ते काही मला दुरुस्त करता आले नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कोणताही संदर्भग्रंथ घेतला की प्रथम त्याची प्रस्तावना वाचायची, संक्षेपांची यादी वाचायची, आणि तो कोणी, केव्हा, कुठे बसून, कोणासाठी केला ते समजून घ्यायचे. या सवयीतूनच मराठी संदर्भग्रंथांचा इतिहास हळूहळू जमत गेला. तो लेखकाच्या कामाचा आहे म्हणून येथे मांडतो.

राज्यकर्त्यांच्या गरजेतून

मराठी मुलखात शब्दसंग्रह करण्याची पहिली मोठी निकड राज्यकारभाराची होती. शिवराज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ पंडित हणमंते यांच्या नावाने ओळखला जाणारा 'राज्यव्यवहारकोश' झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा छोटा पद्यकोश दहा वर्गांत विभागलेला आहे. त्यात दुर्गवर्ग आहे, लेखनवर्ग आहे, पण्यवर्गही आहे. त्या काळी लोक काय बोलत हे सांगण्यासाठी तो केलेला नाही. काय बोलावे, हे सांगण्यासाठी केलेला आहे. ऐतिहासिक कादंबरीकार यातला संस्कृत शब्द उचलून मावळ्याच्या तोंडी घालतो तेव्हा तो कोशाचा हेतूच उलटा करतो. त्या कोशाचा खरा उपयोग दुसऱ्या बाजूने आहे. ज्या फारसी शब्दांना त्याने पर्याय दिले, ते शब्द तेव्हा कचेरीत चालू होते याचा तो साक्षीदार आहे.

पुढची निकड इंग्रजांची. विल्यम केरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१०मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला छापला गेला, तोही मोडी टंकात. पंडित वैजनाथ यांची त्यांना मदत होती. १८२४मध्ये मुंबईत व्हान्स केनेडी यांचा कोश निघाला. मग मुंबईत शास्त्रीमंडळींनी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' केला, तो १८२९पासून छापून निघाला. मराठी शब्दाला मराठीतच अर्थ देणारा हा पहिला मोठा छापील कोश. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, पुढे 'नवनीत' संपादणारे परशुरामपंत गोडबोले यांच्यासारखी माणसे त्यामागे होती.

या सर्वांना मागे टाकणारे काम जेम्स मोल्सवर्थ यांचे. कंपनी सरकारच्या पायदळातला हा अधिकारी नोकरी करता करता शब्द टिपू लागला. १८२५मध्ये सरकारी मंजुरी मिळाली, आणि थॉमस व जॉर्ज या कँडी बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने १८३१मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला. पुढे धर्मबुद्धीला पटेना म्हणून मोल्सवर्थ यांनी लष्करी नोकरी सोडली आणि ते मायदेशी गेले. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते १८५१मध्ये परत आले, आणि १८५७मध्ये ती प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीतले सुमारे ४० हजार शब्द दुसरीत सुमारे ६० हजारांवर गेले. थॉमस कँडी यांनी १८४७मध्ये इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. आज आपण जो स्वल्पविराम सहज देतो त्याच्यामागे हा कोशकार उभा आहे.

मोल्सवर्थ आजही लागतो. १९७५मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतने त्याचे पुनर्मुद्रण केले. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात तो आता घरबसल्या चाळता येतो. ऐतिहासिक लेखन करणाऱ्याला त्याचा एक मोठा फायदा असा की शब्द त्यात सापडला तर १८५७पूर्वी तो मराठीत होता हे निश्चित. पण उलटे खरे नाही. शब्द सापडला नाही म्हणून तो नव्हताच, असे म्हणता येत नाही. कोश झाला मुंबई इलाख्यात, शास्त्र्यांच्या मदतीने. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडे होता आणि नागपूर भोसल्यांकडे. कोकणातला मासा आणि देशावरची शेती कोशात जशी भरून आली, तशी वऱ्हाडातली पऱ्हाटी येणे अवघडच होते. शिवाय शास्त्र्यांच्या कानावर जे बायकांच्या माजघरातून किंवा गावकुसाबाहेरून आलेच नाही, ते कागदावर कुठून येणार? हा दोष काढण्यासाठी सांगत नाही. कोशाचे कान कुठे होते हे माहीत असले, म्हणजे त्याला काय विचारावे हे कळते.

माणसांच्या जिद्दीतून

विसाव्या शतकात ही कामे सरकारच्या हातून सुटून एकेकट्या माणसांच्या आणि छोट्या मंडळांच्या खांद्यावर आली. मराठीच्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश करायला निघाले. पाठीशी ना संस्थान ना सरकार. भागभांडवल गोळा करून नागपुरात मंडळ काढले, वर्गणीदार मिळवत हिंडले, पुढे काम पुण्याला नेले. १९२० ते १९२७च्या सुमारास तेवीस विभाग बाहेर पडले. त्यातले पहिले पाच विभाग म्हणजे नुसती प्रस्तावना! हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. अकारविल्हे मजकूर सहाव्या विभागापासून. प्रस्तावना न वाचणाऱ्या माझ्यासारख्यांची केतकरांनी चांगलीच कोंडी करून ठेवली आहे. पण ते पाच विभाग वाचल्यावर कळते की जगाचे ज्ञान मराठीत नुसते उतरवून घेणे केतकरांना पुरेसे वाटत नव्हते. मराठी माणसाने कुठे उभे राहून जगाकडे पाहावे हे त्यांना सांगायचे होते. त्यातली पुष्कळ माहिती आज शिळी झाली आहे. मात्र १९२०च्या दशकातला सुशिक्षित मराठी माणूस एखाद्या विषयाबद्दल काय जाणत होता, हे पाहायला त्यासारखे दुसरे साधन नाही. त्या काळावर कादंबरी लिहिणाऱ्याने आपल्या पात्राच्या कपाटात ज्ञानकोश ठेवावा आणि तो वाचावाही.

ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढची मजल मारली. 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, पुरवणी १९५०मध्ये आली. या कोशाने दोन गोष्टी अशा केल्या की लेखकाने त्यांचे ऋण मानावे. एक, शब्दाबरोबर जुन्या ग्रंथांतली अवतरणे दिली. ज्ञानेश्वरीतली ओवी कुठली, बखरीतले वाक्य कुठले, याच्या खुणेसह. दुसरी, शब्द कुठल्या भागातला हे कंसात सांगितले. वऱ्हाडी, खानदेशी, नागपुरी, गोमंतकी, कुडाळी अशा बोलींची एकेका अक्षराची चिन्हे तिथे भेटतात. मोल्सवर्थनंतर शंभर वर्षांनी मराठीच्या कोशाचे कान इतके लांबपर्यंत पोचले होते. याच जोडीने नंतर 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन भागांत दिला. एखादा वाक्प्रचार कुठल्या कथेवरून पडला, हे त्यात सापडते तेव्हा काम बाजूला राहते आणि तासभर वाचनच होते.

या मोठ्या कोशांत शोधताना आजच्या वाचकाची एक फसगत होते. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२मध्ये आले आणि १९७२मध्ये त्यांत भर पडून अठरा झाले. त्याआधीचे सर्व कोश जुन्या अनुस्वारांचे. 'नाव' शोधाल तर होडी मिळेल. माणसाचे ते 'नांव', आणि ते वेगळ्या जागी. 'पांच', 'कांहीं' यांचेही तसेच. कित्येक जण "कोशात शब्दच नाही" म्हणून परत जातात, आणि शब्द चार पानांवर बसून असतो.

आणखी काही माणसांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ आणि १९४६ या वर्षी दिले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६चा. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चे. वाक्यरचनेचा वाद निघाला की आजही शेवटी तेच उघडावे लागते. माधव जूलियन यांचा 'फार्सी-मराठी कोश' १९२५चा. ज्या कवीने मराठीत आलेल्या फारसी शब्दांची इतकी बारकाईने नोंद केली, तोच पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. कोश वापरताना मला ही गंमत नेहमी आठवते. घरातून कोणाला बाहेर काढायचे असेल तर आधी त्याची नीट ओळख करून घ्यावी लागते.

आणि शंकर गणेश दाते. शब्दकोशाच्या दात्यांहून हे वेगळे. १८०० ते १९३७पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची वर्गीकृत सूची त्यांनी केली आणि १९४४मध्ये प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१मध्ये आला. ग्रंथालयांतून जाऊन, पुस्तक हातात घेऊन, पाने मोजून केलेले हे काम. सूची वाचायला कोणी बसत नाही. पण 'या विषयावर मराठीत आजवर कोणीच लिहिलेले नाही' असे वाक्य लिहिण्याआधी ज्याने दात्यांची सूची पाहिली नाही, त्याने ते वाक्य खोडावे. मी स्वतः असे वाक्य दोनदा खोडले आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकार पुन्हा या कामात उतरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६मध्ये पहिला खंड आला. महादेवशास्त्री जोशी यांनी दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' दिला. सण, व्रत, दैवत, जातपात, लोकाचार यांविषयी लिहिणाऱ्याला तो सोडून चालत नाही. प्राचीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९मध्ये आला. शुद्धलेखनासाठी मो. रा. वाळंबे आणि अरुण फडके यांची पुस्तके घरोघर आहेतच. आणि इतिहासाच्या नवशिक्याला ग. ह. खरे यांचे 'संशोधकाचा मित्र'. ते पुस्तक मला त्या स्मरणिकेच्या आधी भेटले असते तर हा लेख निराळा झाला असता.

मग टेबलावर काय ठेवावे?

आता या सगळ्यांतले बरेच ग्रंथ महाजालावर आहेत. ज्ञानकोश आहे, विश्वकोश आहे, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आहेत. शब्द टाकला की अर्थ समोर. ज्या कोशासाठी मी रजा टाकून पुण्याला जात असे तो ती मुलगी एसटीत बसून पाहते, याचा मला आनंदच आहे. पण यात एक गोष्ट निसटते. अर्थ थेट समोर येतो आणि प्रस्तावनेचे पान वाटेत लागतच नाही. मी छापील जंत्रीतही ते ओलांडून गेलो होतो. इथे तर ओलांडावेही लागत नाही.

म्हणून तिला मी शेवटी जे सांगितले ते असे. एक पुस्तक नाही, पण दोन जोड्या आहेत. शब्दासाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे एकत्र पाहायचे. पहिला शब्दाचे वय सांगेल, दुसरा त्याचे गाव. काळासाठी जंत्री आणि एक पक्की माहीत असलेली तारीख. जंत्रीने दिलेले उत्तर प्रत्येक वेळी त्या तारखेवर घासून पाहायचे. माझी पानिपतची आहे. आणि तिसरी गोष्ट विकत मिळत नाही. एक वही. घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या माणसांच्या तोंडचा जो शब्द कोशात नाही किंवा वेगळ्या अर्थाने आहे, तो माणूस, गाव आणि दिवस घालून तिच्यात लिहायचा. सगळे कोश अशाच वह्यांतून झाले आहेत. मोल्सवर्थचाही.

तिची कादंबरी अजून छापायची आहे. गेल्या महिन्यात नवा खर्डा आला. पहिल्या पानावरचे पत्र आता 'छ'ने सुरू होते, महिना आणि अरबी साल बरोबर आहे. मी सवयीने ते पानिपतशी ताडून पाहिले. जुळले. शेवटच्या पानावर तिने वापरलेल्या कोशांची नावे दिली आहेत आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या वर्षीचा, हे लिहिले आहे.

गुरुजी आता नाहीत. माझ्या जंत्रीत निवेदनाच्या पानावर स्मरणिकेतल्या दुरुस्तीची चिठ्ठी डकवलेली आहे. कोष्टकाकडे जाताना ती उलटावी लागते.